आठ अंशांचा घोळ

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसची लाइन बदलायला गेलो होतो. अर्धा इंची स्टेनलेस ट्यूब, 304 ग्रेडची. जोडली, पंप चालू केला, प्रेशर 100 बारच्या वर गेलं आणि नटाखालून तेलाचा थेंब. पंप बंद करून पाना लावला, आणखी आवळला. आता थेंबाची धार झाली. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, अजून थोडा आवळू का?" त्याच्यावर खेकसलो, पण खरं तर माझ्याही मनात तेच होतं.

नट सोडला. फिटिंगच्या शंकूसारख्या टोकावर मार्करची निळी शाई फासली, ट्यूब हातानेच बसवून थोडी फिरवली आणि काढली. शाईचा रुंद पट्टा पुसला जायला हवा होता. पुसली होती फक्त टोकाजवळची केसाएवढी रेघ.

"ट्यूबचं टोक पसरवून फ्लेअर कशाने मारलास?" मी विचारलं.

"एसीवाल्या मित्राची पेटी आणली होती."

घ्या! एसीच्या तांब्याच्या पाइपाला 45 अंशांचा फ्लेअर, आपल्या हायड्रॉलिकच्या जेआयसी फिटिंगला 37 चा. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे आटे तेच, पाऊण इंच व्यासाचे, इंचाला 16. त्यामुळे नट गुमान चढतो आणि कुणाला शंकाही येत नाही. टॉर्च मारून पाहिलं तर फ्लेअरच्या काठाला बारीक चीरही होती. कटरचं चाक बोथट. स्टेनलेस रगडून कापलं की कडा कडक होते, मग ती पसरताना फाटते.

फ्लेअर कापून टाकला तर ट्यूब तोकडी पडणार, म्हणजे नवा तुकडा आला. या वेळी 32 दात्यांच्या हॅक्सॉने कापला, काटकोन बघून कानस मारली, कापताना कडेला उरलेली आतली-बाहेरची धारदार बर काढली, फुंकर मारून कीस झटकला. माझ्या पेटीतलं 37 चं टूल काढलं, त्याच्या शंकूला तेल लावलं, सावकाश दाबत गेलो. पोराला प्रत्येक पायरी समजावत होतो, अगदी मास्तरासारखा. बेंड मारले, दुसरं टोकही पसरवलं. दोन्ही फ्लेअर आरशासारखे झाले होते.

पोरगा मात्र टेबलाकडे बघत होता. "दादा, रागावू नका..."

दोन्ही नट आणि नटाच्या आत ट्यूबवर बसणारे दोन्ही स्लीव्ह तिथेच पडले होते, फडक्यावर, ओळीने. फ्लेअर झाल्यावर ते आता कुठून घालणार?

मी काही न बोलता हॅक्सॉ उचलली.