झुकोला काहीच फुकट मिळत नाही

शेंडी तुटो की पारंबी तुटो, ही म्हण झुकोइतकी शब्दशः क्वचितच कुणी जगलं असेल. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या कार्टून मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये अग्निराष्ट्राच्या या हद्दपार राजपुत्राचं डोकं तासलेलं, मागे लांब शेंडी, डाव्या डोळ्यावर भाजल्याचा डाग, आणि तोंडात एकच विषय. अवताराला, म्हणजे पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू ही चारही तत्त्वं वश करू शकणाऱ्या एकमेव माणसाला, पकडायचं, की राजा असलेला बाप घरात घेईल. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागाच्या शेवटी तो आणि आयरोकाका नदीकाठी बसून आपापल्या शेंड्या कापतात आणि पाण्यात सोडून देतात. संवाद नाही, रडारड नाही. त्यानंतर त्याची मनःस्थिती ओळखायची तर डोकं बघावं. फरार असताना केस खुरटे, राजवाड्यात परतल्यावर वर बांधलेले, आणि बापाला तोंडावर सुनावायला निघाला की पुन्हा मोकळे.

मालिका निकलोडियनवर 21 फेब्रुवारी 2005 ते 19 जुलै 2008 अशी चालली. एकूण 61 भाग. पाणी, पृथ्वी आणि अग्नी असे तीन सीझन, अनुक्रमे 20, 20 आणि 21 भागांचे. वायूचा सीझन नाही, कारण नायक आंगला, म्हणजे त्या अवताराला, वायू आधीपासूनच वश आहे. निर्माते मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको. नायक आंग असला तरी माझ्या लेखी ही गोष्ट झुकोची आहे, आणि त्याचं कारण लेखनात आहे. या पोराला लेखकांनी एकही गोष्ट फुकट दिलेली नाही.

कार्टूनमध्ये खलनायक सुधारण्याची एक ठरलेली रीत असते. एक फ्लॅशबॅक, दुःखी बालपण, दोन अश्रू, आणि पुढच्या भागात स्वारी नायकाच्या टोळीत. इथे फ्लॅशबॅक येतो पहिल्या सीझनच्या 12व्या भागात, ‘द स्टॉर्म’मध्ये. 13 वर्षांचा झुको युद्धबैठकीत तोंड उघडतो, कारण एक सेनापती नवख्या सैनिकांची तुकडी मुद्दाम मरायला पाठवणार असतो. शिक्षा म्हणून अग्नी काई, म्हणजे आगीचं द्वंद्व. समोर बघतो तर सेनापतीऐवजी बाप उभा. पोरगा लढायला नकार देतो, गुडघ्यावर बसून माफी मागतो, आणि बाप त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार करतो. प्रेक्षक तिथेच विरघळतो. पण झुको आंगच्या बाजूला येतो तिसऱ्या सीझनच्या 12व्या भागात. म्हणजे बरोबर 40 भागांनंतर. या 40 भागांत तो एकदा सुधारल्यासारखा होतो आणि आधीपेक्षा वाईट घसरतो.

त्या घसरण्यापाशी थांबायलाच हवं. दुसऱ्या सीझनमध्ये तो बा सिंग से शहरात काकाच्या चहाच्या दुकानात नोकर असतो. लेक लाओगाईच्या तळघरात आंगचा उडता बायसन ॲपा त्याच्या हाती लागतो, आणि काकाच्या सांगण्यावरून तो त्याला सोडून देतो. लगेच तापाने फणफणतो. स्वप्नात दोन ड्रॅगन येतात, निळ्याला बहीण अझुलाचा आवाज, लाल ड्रॅगनला काकाचा. ताप उतरतो, पोरगा हसतमुख होतो, चहाच्या नव्या दुकानाचं कौतुक करतो. सामान्य लेखकाने इथे सुधारणा झाली असं समजून पुढचा विषय घेतला असता. इथे दोनच भागांनंतर अझुला त्याला विचारते, घरी यायचंय का? आणि तो काकाला सोडून तिच्या बाजूने लढतो. पहिल्यांदा बघताना राग येतो. दुसऱ्यांदा बघताना कळतं की ताप उतरला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, एवढंच. बापाची ओढ तशीच होती, आणि ती पुरी झाल्याशिवाय तिचा पोकळपणा त्याला कळणार नव्हता. म्हणून तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला त्याला सगळं मिळतं. मान, महाल, मैत्रीण, बापाची शाबासकी. आणि तो आधीपेक्षा जास्त चिडचिडा होतो.

लेखकांची हिशेबी वृत्ती सगळ्यात स्पष्ट दिसते ती विजेच्या बाबतीत. दुसऱ्या सीझनच्या 9व्या भागात, ‘बिटर वर्क’मध्ये, आयरो झुकोला वीज निर्माण करायला शिकवू बघतो. त्याला मन शांत लागतं, झुकोच्या मनात कालवाकालव, त्यामुळे दर वेळी तोंडावर स्फोट. मग आयरो दुसरी विद्या देतो, दुसऱ्याने सोडलेली वीज वळवण्याची. कृती नीट सांगितलेली आहे. बोटांच्या टोकांतून आत घ्यायची, हातातून खांद्यापर्यंत, तिथून खाली पोटात, पुन्हा वर दुसऱ्या खांद्यात आणि दुसऱ्या हाताने बाहेर. पोटाचा वळसा महत्त्वाचा, कारण वीज हृदयातून गेली तर माणूस गेला. ही युक्ती आयरोला पाणीवाल्यांकडे बघून सुचलेली, म्हणून हातांची चाल आगीसारखी झटक्याची नसून लाटेसारखी आहे. झुको म्हणतो, आता माझ्यावर वीज सोड. काका म्हणतो, वेड लागलंय का तुला? मग हा बहाद्दर वादळात डोंगरावर चढून आभाळाला शिव्या घालतो, पण वीज काही पडत नाही.

ही विद्या तो पहिल्यांदा वापरतो ती बापाविरुद्ध, सूर्यग्रहण संपताना. आणि दुसऱ्यांदा शेवटच्या अग्नी काईत. अझुला ऐन वेळी निशाणा बदलून आंगच्या टोळीतल्या कटारावर वीज सोडते आणि झुको मधे उडी घेतो. तो हवेत आहे, पाय जमिनीवर नाहीत, ठाण मांडलेलं नाही. माझ्या मते म्हणूनच वीज पुरती वळत नाही आणि तो जायबंदी होऊन कोसळतो. ‘बिटर वर्क’ पाहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. 9व्या भागात दिलेला इशारा 31 भागांनंतर वसूल होतो, ही शिस्त लहान मुलांच्या मालिकांतच काय, मोठ्यांच्या मालिकांतही विरळा. त्या द्वंद्वाला पार्श्वसंगीतही विजयाचं नाही. भडक्यांचे आवाज मागे सारून जवळजवळ शोकाची धून वाजते, कारण समोर भाऊबहीण आहेत.

आंगच्या टोळीत येणंही सोपं नाही. ‘द वेस्टर्न एअर टेंपल’मध्ये तो आधी एका बेडकासमोर भाषणाची तालीम करतो. टोळीने हाकलल्यावर टॉफ एकटी रात्री त्याला भेटायला जाते आणि तो दचकून तिचे तळपाय भाजतो. टॉफ आंधळी आहे, जमिनीची कंपनं तळव्यांतून वाचून ती बघते. म्हणजे जी एकटी त्याच्या बाजूची होती, तिचेच डोळे त्याने भाजले. मग एकेकाचा विश्वास वेगवेगळा कमवावा लागतो. आंगबरोबर ड्रॅगनच्या शोधात, कटाराचा भाऊ सॉकाबरोबर तुरुंगात, कटाराबरोबर तिच्या आईच्या मारेकऱ्याच्या मागावर. टॉफच्या वाट्याला अशी सफर येत नाही, आणि शेवटच्या भागांत ती तसं बोलूनही दाखवते.

त्यातली ड्रॅगनवाली सफर मला सर्वांत सुरेख वाटते. बाजू बदलली आणि झुकोची आगच विझली, कारण आजवर ती रागावर पेटायची. राग गेला, इंधन संपलं. आगीचा जोर श्वासात असतो, स्नायूंत नाही, हे आयरो पहिल्या सीझनपासून घोकत असतो. ते पोराच्या डोक्यात शिरतं सन वॉरियर्सच्या गुहेसमोर, रान आणि शॉ या दोन ड्रॅगनांपुढे, एक लाल आणि एक निळा. तापातल्या स्वप्नातलेच रंग. दोन्ही नावं जोडली की चिनी भाषेत ‘रानशाओ’ म्हणजे जळणं.

चालींचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पात्रं ओळखायची असतील तर पाय बघा. सल्लागार सिफू किसू यांच्याकडून प्रत्येक तत्त्वाला खरी युद्धकला दिली गेली. पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, आगीला उत्तर शाओलिन, वायूला बाग्वा. आंग सतत गोल फिरतो, समोरासमोर भिडत नाही. तो स्वभावानेही तसाच, प्रश्न आला की बगल देणारा. टॉफ पृथ्वीवाली असूनही हुंग गार वापरत नाही. तिला दक्षिणी मॅन्टिस शैली दिली आहे, कारण ती गुरूकडून शिकलेलीच नाही, आंधळ्या बॅजरमोलांकडून शिकलेली आहे.

आता अझुला. ती पहिल्यांदा पूर्ण रूपात दिसते ती दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, वीज सोडण्याचा सराव करताना. दोन म्हाताऱ्या जुळ्या म्हणतात, जवळजवळ बिनचूक, फक्त एक केस हलला. तिच्या कपाळावर एकच बट आलेली. जवळजवळ चालणार नाही, असं म्हणून ती पुन्हा करते. शेवटच्या भागांत हीच मुलगी आरशासमोर स्वतःच्या हाताने बटा कापते, आणि आरशात आई दिसते. मधे काय झालं ते ‘द बॉयलिंग रॉक’मध्ये आहे. मे आणि टाय ली या तिच्या मैत्रिणी तिच्यावर उलटतात, आणि माणसं भीतीवर बांधून ठेवता येतात हा तिचा एकमेव सिद्धांत मोडतो. त्यानंतर चेरीत एक बी राहिली म्हणून ती दासीला हद्दपार करते. वेड लागणं असं दाखवावं, लहान लहान हुकमांतून.

आयरोबद्दल मात्र माझं मत लोकांपेक्षा थोडं खवचट आहे. सगळ्यांना तो चहावाला संत वाटतो. बा सिंग सेच्या टेकडीवर मेलेल्या मुलासाठी गातो तो प्रसंग मीही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही. तो भाग त्याला आवाज देणाऱ्या माको यांना अर्पण आहे. ते 2006 साली गेले. पण ‘झुको अलोन’मधलं पत्र विसरू नका. त्याच शहराला 600 दिवस वेढा घालणारा सेनापती हाच, आणि शहर आधी जाळून टाकलं नाही तर तुम्हीही बघाल, असा विनोद लिहिणाराही हाच. त्याच पत्रासोबत पुतण्याला सुरी येते आणि पुतणीला बाहुली. अझुला बाहुली जाळते. पुतण्याचा स्वभाव ओळखणाऱ्या काकाने पुतणीकडे कधी नीट पाहिलंच नाही. मालिका यावर बोट ठेवत नाही, पण बाहुली दाखवते.

आणि आता तक्रार. झुकोला कवडी कवडी मोजून देणारे लेखक शेवटी आंगपुढे तिजोरीच उघडतात. आपल्याकडच्या माणसाला तर हे जास्तच टोचतं, कारण पाया आपला आहे. ‘द गुरू’मध्ये गुरू पथिक त्याला सात चक्रं शिकवतात, कांदा-केळ्याचा रस पाजून. क्रम मूलाधारापासून सहस्रारापर्यंत अगदी बरोबर. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आणि पाचवं ध्वनीचं चक्र गळ्याशी. विशुद्धाचं तत्त्व आकाश आणि आकाशाचा गुण शब्द, म्हणजे कुणीतरी अभ्यास केलाय. सातव्या चक्रासाठी कटाराचा मोह सोडावा लागेल, अशी अट. आंगला ती जड जाते, आणि वीज पाठीत बसल्यावर तो मार्गच बंद होतो. इतकी सुंदर अडचण उभी केल्यावर सुटका काय? झुकोचा बाप ओझाई याच्याशी लढताना पाठीवरच्या जुन्या जखमेला खडकाचं टोक लागतं आणि सगळं मोकळं. मोह सुटला का? कुणी विचारतही नाही. ओझाईला न मारण्याचा पेच तर सिंहकासव नावाच्या प्राचीन प्राण्याने सोडवला. हे कासव आधी ‘द लायब्ररी’मध्ये एका चित्रात दिसतं, तेही विनोदापुरतं. झुकोच्या विजेची तयारी आठवा आणि मग हे बघा.

झुकोची मैत्रीण मे हिच्याबद्दलही कुरकुर आहेच. तुझी भीती वाटते त्यापेक्षा झुकोवर माझं प्रेम जास्त आहे, हे तिने अझुलाला ऐकवलेलं वाक्य जबरदस्त, पण त्याआधी कंटाळलेल्या चेहऱ्यापलीकडे तिला फार काही दिलेलंच नाही.

2024 च्या नेटफ्लिक्सवरच्या माणसांच्या आवृत्तीने पहिल्या सीझनचे 20 भाग 8 मध्ये कोंबले, त्यामुळे श्वास घ्यायला जागा उरली नाही. एक बदल मात्र मूळपेक्षा सरस. झुकोने ज्या तुकडीसाठी तोंड उघडलं, तीच त्याच्या जहाजावरचे खलाशी निघते.

फक्त झुकोचा धागा धरून बघायचं असेल तर पहिल्या सीझनमधले 12, 13, 19, 20, दुसऱ्यातले 1, 7, 9, 15 आणि 17 ते 20, तिसऱ्यातले 1, 2, 5, 6 आणि 10 पासून शेवटपर्यंत. पहिल्यातला 11वा, ‘द ग्रेट डिव्हाइड’, सगळेच गाळतात, तुम्हीही खुशाल गाळा. तिसऱ्यातला 5वा, ‘द बीच’, मात्र सुट्टीचा भाग म्हणून सोडू नका. शेकोटीभोवती चौघं बसलेली असतात, आणि अझुला हसत सांगते की आईला ती राक्षसीण वाटायची, आणि आईचं बरोबरच होतं. मग क्षणभर थांबून म्हणते, तरी लागलंच.