सह्याद्री, हिमालय आणि गाळलेली पानं

आज २५ नोव्हेंबर, यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. कराडला प्रीतिसंगमावर जाऊन आलो. गाड्यांचा ताफा, हार, दोन मिनिटं हात जोडून फोटो. आणि माईक पुढे आला की प्रत्येकाची तीच कॅसेट: 'सुसंस्कृत राजकारण', 'बेरजेचं राजकारण', 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला'. कालपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढणारेच हे बोलतात. (उद्यापासून परत काढतील, सुट्टी आजच्यापुरती.)

मला कुतूहल आहे ते गाळलेल्या पानांचं. १९६० चे पहिले मुख्यमंत्री, १९६२ चे संरक्षणमंत्री, इथवर सगळे रमतात. पुढे आणीबाणीतलं परराष्ट्र खातं, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारातलं उपपंतप्रधानपद, १९८० मध्ये इंदिरा लाटेतही विरोधी काँग्रेसकडून साताऱ्यात निवडून येणं आणि नंतर पुन्हा इंदिराजींच्याच पक्षात परतणं, यावर चकार शब्द नाही. माणूस खरा कळतो तो याच वर्षांत, असं आपलं माझं मत.

मृत्यूनंतर मतभेद काढू नयेत म्हणावं, तर तसंही नाही. मे १९६४ मध्ये नेहरू गेले तेव्हा राज्यसभेत वाजपेयी बोलले. चीनच्या प्रश्नावर नेहरूंना धारेवर धरणारे जनसंघाचे तरुण खासदार. त्यांनी मतभेद लपवले नाहीत आणि नेहरूंच्या देशप्रेमाला, धैर्याला मनापासून दादही दिली. म्हणून ते भाषण आजही वाचावंसं वाटतं.

आज एखाद्यानं 'यशवंतरावांचं हे मला पटत नाही' म्हटलं असतं, तर थांबून ऐकलं असतं. तिसरा 'सह्याद्री' आला आणि मी निघालो.