उत्तरेच्या भिंतीची पट्टी: मृगाच्या तोंडावरचा अपडेट

मंडळी, मागं सांगितलेल्या त्या अडचणीच्या पट्टीचं काम बरंच पुढं सरकलंय. नव्या लोकांसाठी थोडक्यात, घर लातूरला, उत्तरेची भिंत आणि कंपाउंड यांच्यात तीनेक फूट काळी माती, एका टोकाला जुना कडुलिंब, आणि त्यात कर्दळ, अडुळसा, अळू, अनंत, क्रोटॉन असं सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं.

आधी सावलीचंच बोलू, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. थंडीत या पट्टीत उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही, त्यामुळं बघणारा म्हणतो लावा की नेचे आणि कॅलॅथिया. पण मेच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच) आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी तो थोडा उत्तरेकडंच असतो, म्हणजे जिथं छज्जा नाही तिथं हीच सावलीची भिंत ऐन चाळीस-बेचाळीस डिग्रीत ऊन खात उभी असते, आणि हवा तर अशी कोरडी की सकाळी धुतलेली चादर तासाभरात कडक. म्हणून मी झाडं निवडायलोय ती मेकडं बघून, जानेवारीकडं नाही.

अनंत काढला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असून मुळाला मिळत नाही त्याचं हे लक्षण, चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लोह फवारलं की थोडे दिवस बरा दिसतो अन् परत तेच. आता मोठ्या कुंडीत आहे, पालापाचोळ्याचं खत जास्त घालून. क्रोटॉनला रंगासाठी ऊन लागतं, ते शेजारच्या काकूंच्या गच्चीवर गेले. अळू मोरीच्या पाण्याजवळ सरकवलं, बस.

अडुळसा मात्र ठेवला, गुडघ्याएवढा छाटून. लई गुणी झाड बघा, सावली चालते, शेळी तोंड लावत नाही, आणि छाटलेल्या काड्या खोचल्या की फुटतात.

कडुलिंबाखालची जागा सगळ्यात अवघड. खुरपं घातलं की वरच्या चार बोटांतच बारीक मुळांचं जाळं, पाणी दिलं की आधी तेच पितं. तिथं खड्डे करायच्या भानगडीत पडलो नाही, मुळं जिथं सोडतील त्या फटीत स्नेक प्लांट आणि रिओ (खालून जांभळ्या पानांचं बुटकं झाड) बसवले, आणि सिंगोनियम सरळ खोडावर चढवलं. गर्दीच्या जागेत वर जाणारं झाड म्हणजे फुकटची जमीन.

मधल्या भागात फायरबॉल लिलीचे कांदे आहेत. मेमध्ये भेगाळलेल्या मातीतून आधी नुसता दांडा वर आला, मग टेनिसच्या चेंडूपेक्षा मोठा लाल गोळा, पानं नंतर. आता पानं पसरायलीत. थंडीत ती झोपते, जागा मोकळी दिसते, म्हणून पुढच्या कडेला बारमाही हिरवं पाहिजेच. मागच्या ओळीत वसमतहून पाहुण्यांनी आणलेली हळद लावतोय, तीही थंडीत पिवळी पडून बसते हे माहीत आहे, पण पावसाळाभर ती रुंद पानं भिंत झाकून टाकतात आणि वर हळदही मिळते.

सकाळचं ऊन लागतं त्या टोकाला अबोली. आईची अट होती, गजऱ्यापुरती तरी पाहिजे. हिची वाळलेली शेंग पाण्याचा थेंब पडला की टक्कन फुटते आणि बी लांब उडतं, त्यामुळं पहिल्या पावसानंतर आजूबाजूला रोपं शोधत बसायचं, विकत आणायची गरज नाही.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं, जड. स्पायडर प्लांटची टोकं जळालेली आणि मातीवर पांढरी पापुद्री दिसली तर खत टाकत बसू नका, क्षार आहेत ते. त्याला एसीचं पाणी गोळा करून देतोय. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. आणि एप्रिल 2016 ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं रोज पाणी मागणारं झाड पट्टीत घ्यायचंच नाही, कितीही देखणं असो.

आता एकच जागा उरलीय, छज्जाखालची, पाऊसही पोचत नाही अशी. झीझी (ZZ प्लांट, जाड चकचकीत पानांचं कुंडीतलं झाड) की कोरांटी यात अडकलोय. झीझी मला जरा प्लास्टिकसारखं वाटतं, पण कोरांटीला तिथं फुलं येतील का? कुणी अशा कोरड्या सावलीत लावली असेल तर फोटो टाका.