लॅपटॉप दोन दिवसांत, वॉरंटी एकवीस दिवसांत

भाचीला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप निवडायचं काम माझ्याकडे आलं. निवड दोन दिवसांत झाली. वॉरंटीची तारीख दुरुस्त करून घ्यायला मात्र एकवीस दिवस गेले, त्यामुळे आधी तेच सांगतो.

मशीन नवी पेठेतून घेतलं, सीलपॅक. घरी आल्यावर खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर एका वर्षातले चार महिने आधीच उडालेले! दुकानदाराला फोन केला. "होऊन जातंय की ओ, ऑनलाईन आहे सगळं." काही होत नाही आपोआप. गिऱ्हाईकाने मशीन कधी घेतलं हे कंपनीला ठाऊक नसतं. माल डीलरकडे निघाला त्या हिशेबाने वॉरंटी मोजली जाते आणि दुकानात पडून राहिलेले महिने आपल्या नावावर चढतात. बिल दाखवलं की तारीख बदलून मिळते, पण ते बिल कसं असावं हे दुकानात कोणी सांगत नाही.

आमच्या बिलावर नुसतं "लॅपटॉप, १ नग" असं होतं. जीएसटी १८ टक्के लावलेला, शिक्का, सही सगळं होतं, फक्त सिरियल नंबर नव्हता. तेच जोडून कंपनीकडे तारीख बदलायचा अर्ज केला, आठ दिवसांनी तो परत. बरोबरच आहे, हे बिल याच मशीनचं कशावरून? दुकानात टॅलीमध्ये, म्हणजे बिलं-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मालाच्या नावाखाली वर्णन लिहायला जागा असते, नंबर तिथे टाकून बिल पुन्हा छापता येतं. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी तीन खेपा. नवीन बिल आलं त्यात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केलेला, म्हणून अर्ज दुसऱ्यांदा परत. आठ आणि बी, पाच आणि एस यांचाही असाच घोळ होतो. त्यामुळे बिल हातात पडल्यावर काउंटरवरच एकेक अक्षर बोट ठेवून स्टिकरशी ताडून पाहा. तिसऱ्या वेळी बिलाची पीडीएफ, स्टिकरचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो असं तिन्ही जोडलं, तेव्हा तारीख बदलली.

खरं तर ही सगळी कटकट पैसे देण्याआधीच टळते. खोक्यावर सिरियल नंबर असतोच. दुकानात उभं राहूनच तो मोबाइलवर तपासायचा. जास्तच महिने गेलेले दिसले तर दुसरा पीस मागायचा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्या.

आता निवडीचं. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनी विंडोजच घ्यावं. सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं आणि मॅकवरच्या ऑटोकॅडमध्ये (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) विंडोजवरच्या सगळ्या सोयी नाहीत. रॅम १६ जीबी, एसएसडी (फाइली साठवायची जागा) ५१२ जीबी. ८ जीबीचं स्वस्त मशीन घेऊन पुढे वाढवू म्हणत असाल तर रॅमचा स्लॉट आहे ना ते आधी विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती वाढत नाही. प्रोसेसरच्या नावाशेवटी यू असेल तर वीज कमी खातो, एच असेल तर ताकद जास्त, पण तापतो आणि बॅटरीही लवकर संपवतो. बीकॉम, बीएला एचची काही गरज नाही.

जुना घेणार असाल तर इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच. त्याआधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

स्क्रीन दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्यांचीच छान दिसते. २५० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन आपल्याकडच्या उन्हात खिडकीपाशी नीट दिसत नाही. ३०० च्या पुढची मिळाली तर बघा. आणि लॅपटॉप सोलापुरी चादरीवर ठेवून वापरू नका. हवा खालच्या जाळीतून आत जाते. जाड चादरीने ती बंद होते, मग पंखा घरघरतो आणि मशीन स्वतःहून वेग कमी करतं. मे महिन्यात तर हे हमखास.

हो, त्या स्टिकरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. बॅगेत घासून वर्षभरात अक्षरं पुसट होतात. तसं झालंच तर नंबर बायोसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्येही, सापडतो.