चौदाचा पत्रा

माझं काम जहाजाचा पत्रा मोजायचं. अल्ट्रासोनिक गेज घ्यायचं, पत्र्यावर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, स्क्रीनवर येईल तो आकडा ओरडायचा, जोडीदार लिहून घेतो, की पुढचा पॉइंट. दिवसाला चारपाचशे पॉइंट सहज होतात. मुंबईत शिकलो, मग इंग्लंडला आलो, बल्क कॅरियर, टँकर, टग, काय येईल ते. नातेवाईकांनी विचारलं की आई सांगते, बोटींची सोनोग्राफी करतो, आणि यापेक्षा बरोबर मलाही सांगता येत नाही.

ही गोष्ट बारातेरा वर्षांपूर्वीची. केंटमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीत दोन दिवसांचं काम निघालं, एचएमएस कॅव्हेलियर. दुसऱ्या महायुद्धातली डिस्ट्रॉयर, म्हणजे हलकी, वेगवान युद्धनौका, १९४४ ला पाण्यात उतरलेली, १९७२ ला निवृत्त झालेली, आता म्युझियम म्हणून ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, ठोकळ्यांवर बसलीय. तो डॉकही साधासुधा नाही, अ‍ॅडमिरल नेल्सनचं जहाज व्हिक्टरी १७५९ ला तिथेच बांधायला घेतली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं एवढंच की पार्किंग लांब आहे आणि थंडी आहे.

खाली डॉकच्या तळाशी उतरून वर पाहिलं तेव्हा पहिला विचार आला की ही एवढी बारीक कशी. लांबी ३६३ फूट आणि रुंदी ३६ फुटांच्याही आत, म्हणजे लांबी रुंदीच्या दहापट. मालवाहू जहाजाचं पोट बघायची सवय असलेल्या माणसाला ती चाकूसारखीच दिसते.

तर काम सुरू केलं. शीट मीच बनवलेली, आदल्या रात्री, जुन्या ड्रॉइंगच्या स्कॅनवरून आकडे एक्सेलमध्ये उतरवलेले. स्कॅन पुसट, कोपऱ्यातल्या टिपा अर्ध्या वाचता येत नव्हत्या, म्हटलं आकडे दिसतायत ना, बास. एका पट्ट्याला मूळ जाडी १४. प्रोब लावला, ८.२. कॅलिब्रेशन ब्लॉकवर, म्हणजे जाडी आधीच माहीत असलेल्या तुकड्यावर, गेज परत तपासलं, बरोबर. फूटभर बाजूला सरकलो, ८.३. अजून पुढे, ८.१. चौदाचा सव्वाआठ म्हणजे चाळीस टक्के पत्रा गेला! मालवाहू जहाजावर वीसपंचवीस टक्के गेला तरी आम्ही पत्रा कापून बदला म्हणून लिहितो. इथे तर ओळीने सगळेच पॉइंट तसे. आणि नेमकी तेव्हा वर डेकवर शाळेची ट्रिप आलेली, पोरांच्या बुटांची धडधड पत्र्यातून थेट माझ्या हातापर्यंत येत होती. माझी जाम फाटली. बॉसला फोन केला, तो म्हणाला कुणाला काही बोलू नकोस, परत मोज, मी तासाभरात निघतो.

तेवढ्यात तिथे मदतीला येणारे एक म्हातारे चहाचे दोन मग घेऊन खाली उतरले. चॅटमची नौदल गोदी १९८४ ला बंद झाली, त्याआधी तिथेच शिकाऊ म्हणून लागलेले आणि तिथेच उभं आयुष्य काढलेले. माझा चेहरा बघून त्यांनी शीट मागितली. मी दाखवू की नको करत दाखवली.

"हे चौदा काय?"

"मिलिमीटर."

म्हातारा इतका हसला की चहा सांडला. "पौंड रे पोरा, पौंड!"

मग त्यांनी माझ्याच शीटच्या मागे पेन्सिलीने मांडून दाखवलं. एक फूट बाय एक फूट, एक इंच जाड पोलादी पत्रा घेतला तर त्याचं वजन साधारण ४० पौंड. म्हणून इथल्या गोद्यांमध्ये पत्र्याला जाडीने नाही, वजनाने हाक मारायचे. ४० चा म्हणजे इंच, २० चा अर्धा इंच, १० चा पाव. मग १४ चा म्हणजे इंचाचा जेमतेम तिसरा हिस्सा, पावणेनऊ मिमीच्या आसपास. माझे सव्वाआठ आले म्हणजे सत्तर वर्षांत अर्धा मिमी गेलेला. आमच्या कंपनीच्या टेम्पलेटमध्ये 'मिमी' आधीच छापलेलं असतं आणि मी शाळेपासून मेट्रिकवाला, त्यामुळे डोक्यात दुसरं काही आलंच नाही. बॉसला परत फोन केला. त्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पण वजनानेच का मोजायचे हे विचारलं आणि म्हातारा बसलाच ठोकळ्यावर. म्हणाले, डिस्ट्रॉयर बांधणारा माणूस दिवसभर वजनच मोजत असतो. १९३० च्या लंडन कराराने डिस्ट्रॉयरला १५०० टनांची मर्यादा घातली, थोड्याच मोठ्या म्हणजे १८५० पर्यंत चालतील. त्यात तोफा पण हव्यात, टॉर्पेडो पण हवेत आणि ३६ नॉट (तासाला ३६ सागरी मैल) पळायला पण हवं, मग वाचवायचं कुठे, तर पत्र्यात. १९३० च्या दशकात 'जे' क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या जहाजांच्या एका गटाच्या, वेळी कोल नावाच्या डिझायनरने बॉयलर तीनाचे दोन केले, त्यामुळे दोनाऐवजी एकच धुराडं उरलं, आणि आतला सांगाडा आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने धावणारा केला. बांबूची शिडी आडवी टाकून त्यावर चाला, भार कोण घेतं? लांब दांडे घेतात, पायऱ्या नाही, हा माझा दाखला, त्यांनी वेगळा दिला होता. गोद्यांनी म्हणे खूप कुरकुर केली, बांधायला किचकट म्हणून. पण युद्ध लागल्यावर क्यू क्लासपासून पुढे एकामागून एक ताफे याच हलवर बांधत गेले, वर तोफा बदल, रडार वाढव, ब्रिज बदल, खालचं अंग तेच. कॅव्हेलियर त्याच रांगेतली.

सगळं गुणगान नव्हतं हां. तोफांवर ते जाम चिडलेले. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश डिस्ट्रॉयरच्या मुख्य तोफा ४० अंशांपर्यंतच वर व्हायच्या, बॉम्बर डोक्यावरून सरळ खाली सूर मारायचा आणि खालचे नुसते बघत राहायचे, नॉर्वे, डंकर्क, क्रीट, सगळीकडे तेच रडगाणं. ५५ अंश झाले तेही नंतर, कॅव्हेलियरला ते मिळाले. धड ८० अंशांचं प्रकरण बॅटल क्लासला मिळालं, तोवर युद्ध संपत आलेलं. आणि वाफ! अमेरिकन लोक चौरस इंचाला ६०० पौंडाच्या प्रेशरवर गेले तरी आम्ही ३०० वरच बसलो, म्हणून तेल जास्त खायचं आणि पॅसिफिकमध्ये आमची जहाजं सारखी टँकरच्या मागे. हे सगळं ते असं बोलत होते जसं काही काल संध्याकाळी घडलंय.

मग मला हाताला धरून मधल्या भागापाशी नेलं आणि म्हणाले, हातमोजा काढ. पत्रा बर्फासारखा. हात मागून पुढे सरकवत नेला तर रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी लागत होती, ओळीने, रंगाच्या इतक्या थरांखाली की ठिगळ लावलेल्या गोधडीवरच्या टाक्यांसारखी, आणि एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढलेली. तसाच पुढे गेलो आणि एका ठिकाणी टाके संपले. नुसता सपाट पत्रा, मध्ये वेल्डची एक बारीकशी उंचवटी. पुढचा आणि मागचा भाग वेल्ड केलेला, मधला रिव्हेटचा, कारण वेल्डिंगवर अजून पुरता भरवसा नव्हता आणि सगळा ताण मध्येच येतो. पुढे डेअरिंग क्लासच्या डिस्ट्रॉयर अख्ख्या वेल्ड केलेल्या होत्या. मी रोज वेल्ड बघतो पण एका हलवर एक काळ संपून दुसरा सुरू होतो ती जागा बोटाला लागते हे पहिल्यांदाच.

१९७१ ची शर्यतही त्यांनी सांगितलीच, रॅपिड नावाच्या जहाजाबरोबर ६४ मैल, रॅपिडचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि कॅव्हेलियर ३० यार्डांनी जिंकली. रॅपिड आर क्लासची, म्हणजे आपल्या नौदलाने १९४९ ला घेतलेल्या राजपूत, रणजित आणि राणाची सख्खी बहीण. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं तू भारतात कुठला. मुंबई म्हटल्यावर म्हातारा जरा गप्प झाला. मग म्हणाले, ही मुंबईला येऊन गेलीय. फेब्रुवारी ४६.

फेब्रुवारी ४६ म्हटल्यावर मला पुढचं सांगायला नको होतं. नौदलाचं बंड. नौदलाच्या 'तलवार' नावाच्या तळावर खलाशी उठले आणि लालबाग परळच्या गिरण्या बंद पडल्या, रस्त्यात लष्कर. माझे आजोबा तेव्हा मिलमध्ये बॉयलरवर फायरमन होते, बंदच्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या तेव्हा दुकानाच्या फळीमागे आडवे पडून राहिले, आमच्याकडे ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की ती फळी मी पाहिल्यासारखी वाटते. आणि ते बंड मोडायला मदत म्हणून जी जहाजं मुंबईला पाठवली त्यात ही होती. ज्या पत्र्यावर मी सकाळपासून जेल चोपडत होतो तो. म्हातारा म्हणाला, मी तेव्हा शाळेत होतो हां. मी म्हटलं, माहितीय. आम्ही दोघांनी चहा संपवला, मी उरलेले दोनशे पॉइंट घेतले, या वेळी शीटवर पौंड लिहून.

रात्री बाबांना फोन केला. तेही त्याच मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये, ८२ च्या संपापर्यंत. सगळं ऐकवलं, माझ्या पौंडाच्या गाढवपणासकट. आजोबांच्या बाबतीत ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "प्रेशर किती म्हणालास?"

"तीनशे."

"आणि अंगाचा पत्रा?"

"सव्वाआठ मिमी."

"म्हणजे आमच्या बॉयलरच्या निम्मा," बाबा म्हणाले, "आणि त्यात बसून ते आपल्यावर आले होते?"