ठिणगीविना वेल्डिंग : आमची वाटचाल

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "वेल्डिंग कुठं चालतं?" ते त्याच्या समोरच चालू असतं. पण ठिणगी नाही, धूर नाही, कुणाच्या तोंडावर काच नाही, म्हणून त्याला ते मिलिंगच, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कोरणं, वाटतं. मशीनही मिलिंगचंच आहे, जुनं एचएमटीचं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गॅस कटिंगच्या एका सेटवर धंदा उभा केला. मी हाताशी आलो तोवर ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आडोशात विजेच्या आर्कनं धातू वितळवून जोडणं) हे आमचं मुख्य काम झालं होतं, आणि डोक्याला तापही तोच. पावसाळा लागला की हवेतल्या ओलीनं वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडायची. पातळ जॉब तापून पापडासारखा वाकायचा. दोन माणसं नुसती सरळ करायला.

अशात एका पार्टीनं कूलिंग प्लेटचं काम आणलं. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची जाड प्लेट, आत पाणी फिरायला कोरलेले नाले, वरून ५ मिमीचं झाकण. टिगनं आम्ही जे केलं ते सांगण्यासारखं नाही. तेव्हा एका इंजिनीअरिंग कॉलेजचे सर मुलांचे प्रोजेक्ट मशीनिंगला आमच्याकडे आणायचे. ते रिजेक्शनचा ढीग बघून म्हणाले, "वितळवताच कशाला? घुसळून जोडा."

फ्रिक्शन स्टर वेल्डिंग हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ते शोधलं. दोन प्लेटा कडेला कड लावून आवळायच्या आणि सांध्यात फिरता टूल दाबून पुढं न्यायचा. टूलला खाली छोटी पिन, वर रुंद शोल्डर. घर्षणानं ॲल्युमिनियम साधारण ४०० ते ५०० अंशांना मऊ होतं, ६६० च्या वितळबिंदूपर्यंत जातच नाही. दोन्हीकडचा धातू कणकेसारखा एकमेकांत मळला जातो. रॉड नाही, आर्गॉन नाही.

ऐकायला सोपं. एच-१३ स्टीलचा टूल टर्न करून हार्डनिंगला दिला, १८ मिमी शोल्डर, पिनची लांबी ४.८ मिमी. पट्ट्यांवर ट्रायल सुंदर आली. मिस्त्रीमामांनी वेल्डवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे तर माशाचे खवले!" मी त्याच जोशात चाळीस प्लेटांची ऑर्डर घेऊन बसलो.

गाडं अडलं कोपऱ्यावर. आमच्या टूलचं शोल्डर आतून किंचित खोलगट होतं. अशा टूलला दोन-अडीच अंश मागं कलवावं लागतं, तरच तो मऊ धातू खाली दाबून ठेवतो. पण कल एकाच दिशेचा. झाकणाची एक बाजू झाली की काटकोनात वळायचं, आणि तिथं तोच कल आडवा येतो. मग आम्ही शहाणपणा केला : चार बाजूंचे चार वेगळे वेल्ड. टूल वर उचलला की पिनच्या जागी भोक राहतं, ते टिगनं बुजवलं.

टेस्टिंगला प्लेट पाण्यात बुडवून हवा भरली. बुडबुडे त्या भोकातून येतील अशी माझी खात्री होती. आले चांगले बोटभर लांबून, चकाचक वेल्डच्या मधूनच. कापून पाहिलं तर आत सुईएवढी पोकळी, बोगद्यासारखी लांबच लांब गेलेली. वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. चाळीसातल्या अकरा प्लेटा गळल्या. पार्टीनं डेबिट नोट पाठवली, आणि उरलेल्यांचं पेमेंटही चार महिन्यांनी, तेही फोन करकरून.

कारण सापडायला आम्हाला तीन गुरुवार लागले (आमच्याकडे सुट्टी गुरुवारची). टूल खाली दाबायला अर्धा ते एक टन जोर लागतो. मिलिंगचं स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, त्यासाठी नसतंच. बेअरिंग खेळत होतं, टूल केसभर वर उचलला जात होता, शोल्डरचा दाब सुटला की आत बोगदा. दुसरं कारण ड्रॉइंगमध्येच होतं. झाकण ज्या पायरीवर टेकतं ती जेमतेम ३ मिमी रुंद, भाराखाली दबून नाल्यात झुकायची. ती ८ मिमी करून मागितली. डिझाइनवाले कुरकुरले, पण केली.

बेअरिंग बदलली, टेबलाखाली जाड आधार दिला. आणि सरांच्या सल्ल्यानं शोल्डरवर जिलबीसारखा गोल आटा कोरलेला नवा टूल बनवला. तो धातू आत ओढून घेतो, कल लागतच नाही. मिनिटाला ११२० फेरे, पुढं सरकायचा वेग मिनिटाला ८० मिमी, चारही कोपरे न थांबता. आता शंभरात एखादी गळते, आणि तीही क्लॅम्प कुणी नीट आवळला नसेल तरच.

प्लॅस्टिकचाही नाद करून पाहिला. पॉलिप्रॉपिलीन उष्णता पुढं नेतच नाही, फिरतं शोल्डर सगळा माल भुशासारखा बाहेर फेकतं. शोल्डर स्थिर ठेवून त्यात हीटर बसवला, फक्त पिन फिरती ठेवली, तेव्हा सांधा आला. चांगला आला. पण साध्या टाकीसाठी कुणी विचारलं तर मी सरळ एक्स्ट्रूजन वेल्डिंगवाल्याचा (वितळलेलं प्लॅस्टिक सांध्यात भरून जोडणाऱ्याचा) पत्ता देतो, त्याला ते स्वस्तात पडतं.

शेवटचं भोक मात्र अजून राहतंच, ते या पद्धतीच्या हाडातच आहे. म्हणून प्लेटेला बाहेर एक कान ठेवून मागतो. फेरी पूर्ण झाली की टूल त्या कानावर नेऊन उचलायचा आणि कान कापून टाकायचा. असे कान खोकंभर साठलेत. त्यातला एक मिस्त्रीमामांनी मशीनच्या डोक्यावर ठेवलाय. रोज सकाळी स्विच टाकायच्या आधी ते त्याच भोकात उदबत्ती खोचतात.