संमतिपत्रावरची सही आणि वगळलेले स्वप्न

झ्युरिकमध्ये युंगीय विश्लेषणाचे, म्हणजे कार्ल युंग यांच्या, स्वप्नांना महत्त्व देणाऱ्या मानसोपचार पद्धतीचे, प्रशिक्षण घेत असताना परीक्षेसाठी मला एका विश्लेषणाचा सविस्तर अहवाल लिहायचा होता आणि त्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती हवी होती. विचारताक्षणीच होकार मिळेल, याची मला खात्री होती आणि नेमकी तीच माझी अडचण होती. विश्लेषण ऐन भरात असताना विश्लेषकाला आई, वडील किंवा गुरू यांचे स्थान मिळालेले असते. त्या स्थानावरून मागितलेल्या परवानगीला नाही म्हणण्याची मोकळीक समोरच्याला कितीशी असते?

पर्यवेक्षकांशी बोलून मी कागद तासाच्या सुरुवातीलाच दिला, म्हणजे त्यावर बोलायला वेळ उरेल, आणि त्या दिवशी सही घ्यायची नाही असे ठरवले. नकार दिल्याने विश्लेषणात काहीही बदलणार नाही आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल, ही दोन वाक्ये मी स्वतः वाचून दाखवली.

ओळख लपवणे त्याहून कठीण गेले. गाव, व्यवसाय, वय बदलता येते. स्वप्न बदलता येत नाही. स्वप्नातल्या विहिरीच्या जागी तलाव लिहिला, तर खोली, काठ, आत डोकावणे हे सारेच निघून जाते आणि युंगीय वाचनाला आधारच उरत नाही. म्हणून अहवालाचा मसुदा मी त्या व्यक्तीला वाचायला दिला. वाचल्यानंतर तिने एक स्वप्न वगळायला सांगितले. माझ्या मते संपूर्ण मांडणीचा कणा तेच होते, तरी मी ते काढले.

या निर्णयामागे सबिना श्पिलराइन होती. 1904 मध्ये ती झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात युंग यांची रुग्ण झाली, पुढे त्यांच्यातले नाते उपचारांची मर्यादा ओलांडून गेले आणि 1907 मध्ये ॲमस्टरडॅमच्या परिषदेत युंग यांनी मांडलेले उदाहरण तिचेच होते, असे अभ्यासक मानतात. तिची रोजनिशी आणि पत्रे 1977 मध्ये जिनिव्हात सापडली आणि पुढे छापली गेली. 1942 मध्ये नाझींनी तिची हत्या केली असल्याने तिला विचारणे कोणालाच शक्य नव्हते. आपल्या परंपरेच्या मुळाशीच हा इतिहास असताना संमती ही केवळ कार्यालयीन बाब आहे, असे मला मानता येत नाही.

विश्लेषण संपल्यावर मी पुन्हा विचारले आणि मगच सही घेतली. परीक्षकांनी मांडणीतल्या त्या रिकाम्या जागेबद्दल विचारले, तेव्हा तिथला मजकूर संबंधित व्यक्तीच्या इच्छेनुसार वगळला आहे, एवढेच मी सांगितले.